कोड कागदावर का नको?

परवा ऑफिसात दोनशे ओळींचा कोड छापायला घेतला, तर शेजारचा पोरगा हसला. "काका, कुठल्या काळात आहात?"

अरे बाबा, चूक शोधतोय! पडद्यावर जेमतेम चाळीस ओळी दिसतात. कागद टेबलावर पसरले की सगळा कोड एका नजरेत येतो, पेन्सिलीने बाण काढता येतात. जुन्या विममध्ये त्यासाठी 'हार्डकॉपी' ही साधी आज्ञा आहे. २०१५ साली आलेल्या व्हीएस कोडमध्ये मात्र छपाईची सोयच दिलेली नाही, वेगळं एक्स्टेन्शन शोधा! वर्डमध्ये चिकटवून छापावं, तर रंग, रांगा, ओळींचे आकडे सगळं आपणच सांभाळायचं.

कागद वाचवा म्हणणाऱ्यांनो, माणसाच्या रात्री कोण वाचवणार?

असो. चूक तिसऱ्या पानावर होती.