कंपन्यांची स्पर्धा कशी व्हावी

जत्रांचा हंगाम आटोपला, पेटारे घरी आले, की कंपनीवाल्यांत एक विषय हमखास निघतो: व्यावसायिक दशावतार कंपन्यांची स्पर्धा पुन्हा उभी राहील का? आमच्या मते राहील, आणि राहायलाच हवी. पण हौशी नाट्यस्पर्धेचे नियम आपल्या माथी मारून नव्हे.

तिथे लिखित संहिता लागते. आपल्याकडे रंगपटात तोंड रंगवता रंगवता आख्यानाचा सांगाडा ठरतो, बाकी सगळे बाकड्यापुढे घडते. राजपार्टी पुराणातला पेच टाकतो, खलपार्टी तो उलटवतो, आणि नाईक पेटीवर बोटे ठेवून त्याचा शेवटचा शब्द पकडायला टपलेला असतो, कारण त्यावरच पद उचलायचे असते. खरा कस इथे लागतो. म्हणून आख्यान त्याच संध्याकाळी चिठ्ठी टाकून द्यावे आणि परीक्षक म्हणून ज्येष्ठ दशावतारीच बसवावेत. ट्रिकसीनला वेगळे गुण अजिबात नकोत. नाहीतर सगळी कमाई धूर-दिव्यांवर जाईल.

संयुक्त दशावताराला गर्दी होते, हे खरे. पण नाईक, पखवाज आणि झांज यांची वर्षानुवर्षे जुळलेली समज कंपनीतच दिसते. स्पर्धा कंपन्यांचीच हवी.

हौशी नियम बाजूला ठेवून व्यावसायिकांनी आपली वेगळी स्पर्धा घेण्याचा प्रयोग बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये होऊन गेला आहे, आणि तो का फसला हेही आपण पाहावे. ऑलिम्पिक विजेता डिक बटन याने १९७३ मध्ये व्यावसायिक स्केटरांची जागतिक स्पर्धा सुरू केली. ऑलिम्पिकच्या नियमांत न बसणारी कला तिथे पाहायला मिळे. १९९४ नंतर दूरचित्रवाणीसाठी अशा स्पर्धांचे पेवच फुटले, प्रेक्षक विटला. तिकडे आंतरराष्ट्रीय संघटनाही आपल्या स्पर्धांत रोख बक्षिसे देऊ लागली, मग नामवंत खेळाडू बाहेर कशाला पडतील? नवे शतक लागता लागता तो सारा डोलारा बसला. आपण वर्षातून एकच स्पर्धा घ्यावी, आणि ती नीट घ्यावी.

लावणी उरकल्यावर, नारळी पौर्णिमा ते चतुर्थी या दिवसांत कलावंत मोकळा असतो आणि हातात पैसाही नसतो. मालवणात मामा वरेरकर नाट्यगृह आहे. बक्षीस एकालाच मिळेल, पण टेम्पोचे भाडे आणि रात्रीचे मानधन उतरणाऱ्या प्रत्येक कंपनीला मिळालेच पाहिजे. त्यावाचून कोणी येऊ नये, असे आम्ही उघड सांगतो. चिठ्ठ्यांत कोणती आख्याने असावीत, ते कंपन्यांनी आषाढ सरण्याआधी कळवावे.