वाहनाचें मंडन कीं वाहनाचें बळ?

घरांतील तरुणाच्या हातीं पगाराचे चार पैसे उरूं लागले, कीं त्याचें लक्ष प्रथम आपल्या मोटारसायकलकडे जातें. वडील मंडळींस तो अपव्यय वाटतो, मुलास तो हौसेचा हक्क वाटतो, आणि जेवणाच्या पंगतींत वाद सुरू होतो. वाचकहो, या वादांत दोन्ही पक्ष एक गोष्ट मुकाट्यानें मान्य करून चालतात: शोभेचा खर्च तेवढा निरर्थक, आणि यंत्रांतील बदल मात्र उपयोगाचा. हेंच तपासून पाहिलें पाहिजे.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर घ्या. तो शक्ति वाढवितो म्हणून विकला जातो. परंतु एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांप्रमाणें बनलेल्या गाडींत धूर शुद्ध करणारें उपकरण, प्राणवायु मोजणारा सेन्सर आणि इंधनाचें प्रमाण यांचा मेळ कारखान्यांतच जुळविलेला असतो. मोकळी नळी बसविली कीं तो मेळ बिघडण्याचा संभव. वाढतो तो बहुधा नादच! शेजारच्या आजारी माणसाची झोप जाते ती निराळी. शिवाय, नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांतील २०१९ च्या दुरुस्तीनें प्रत्येक फेरफारामागें ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

मूळ रिमला न शोभणारा रुंद टायरहि असाच. तो दिसतो भारदस्त. पण अरुंद रिमवर त्याचा आकार बिघडतो आणि गाडी वळणावर जड होते. लहान आरशांनीं मागचें वाहन दिसेनासें होतें. म्हणजे जें बळ म्हणून घेतलें तें मंडन ठरलें, आणि मंडनानें गुण घटविला.

मुलास एवढेंच विचारावें: या बदलानें गाडी लवकर थांबेल काय? गणित सोपें आहे. थांबण्याचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. ताशी ४० किलोमीटरच्या वेगांत ब्रेक दाबल्यावर जेवढें अंतर लागतें, त्याच्या सव्वादोन पट ६० च्या वेगास लागतें. आषाढांतल्या ओल्या रस्त्यावर तर त्याहूनहि अधिक. म्हणून पहिला पैसा टायर व ब्रेक यांवर पडावा. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषतें, त्यानें त्याचा उत्कलनबिंदु उतरतो, आणि लांब घाट उतरतांना तापलेला ब्रेक ऐन वेळीं दगा देतो. डिस्क ब्रेकच्या गाडींत तें साधारण दोन वर्षांनीं बदलावें.

यानंतर पैसे उरले तर सीटला नवें आच्छादन घालूं द्यावें, टाकीवर पट्टे काढूं द्यावे. तरुणपणीं सायकलच्या चाकांत रंगीत मणी ओवणाऱ्या आमच्या पिढीनें त्यास नाकें मुरडूं नयेत. मात्र गाडीचा सबंध रंग बदलावयाचा असेल तर नोंदणीच्या कागदावरहि तो बदलून घ्यावा लागतो.

टायरचें वय त्याच्या कडेवरच छापलेलें असतें. २३१९ असे चार अंक दिसले, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. अंक उजवीकडून वाचण्याची आपली जुनी शास्त्रीय रीत येथें कामास येते: वर्ष मागें, आठवडा पुढें. वडिलांनीं हिशेब मागण्यापूर्वीं मुलाशेजारीं उकिडवें बसून एकदां ते अंक वाचावे.