हिशेबाची वही कोणाकडे?

जुम्याची नमाज झाली की आजऱ्यातल्या चहाच्या टेबलावर गाझाचा विषय हमखास निघतो. कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणतो, "अमेरिका यहुदी चालवतात, दुसरं काय!" बाकीचे माना डोलावतात, कप रिकामे होतात, विषय संपतो. आम्हीही वर्षानुवर्षे अशीच मान डोलावली. आता मात्र ते वाक्य आम्हाला टोचते. ते खोटे आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ते सोयीचे आहे.

गाझातले युद्ध थांबवा म्हणत ऑक्टोबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनला संसदेच्या आवारात धरणे धरून शेकडो जणांनी अटक करून घेतली. ते धरणे यहुदी संघटनांनीच पुकारले होते. उलट इस्रायलच्या प्रत्येक कृतीला पाठिंबा देणाऱ्यांत लाखो ख्रिस्ती आहेत. एका संघटनेच्या कामासाठी सबंध धर्माला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची रीत किती अन्यायाची असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग खरे घडते काय? त्यासाठी फार लांब जायला नको. आजऱ्याहून गडहिंग्लज, संकेश्वर ओलांडले की बेळगाव. तिथे गरिबीत वाढलेले श्री ठाणेदार १९७९ साली अमेरिकेला गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, उद्योजक झाले. 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचे आत्मकथन मराठी घराघरांत वाचले गेले. पुढे ते मिशिगन राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. तिथे २०२१ साली इस्रायलला मिळणारी अमेरिकी मदत थांबवावी, अशा आशयाच्या ठरावाला त्यांनी साथ दिली.

२०२२ साली ते डेट्रॉइटमधून अमेरिकी संसदेसाठी उभे राहिले. इस्रायलची बाजू मांडणाऱ्या 'एपॅक' या संघटनेच्या निवडणूक निधीने त्यांच्या प्रतिस्पर्ध्यासाठी चाळीस लाखांहून अधिक डॉलर ओतले. अमेरिकेत एका व्यक्तीने उमेदवाराला थेट किती देणगी द्यावी, याला मर्यादा आहे. पण २०१० च्या न्यायालयीन निकालांनंतर, उमेदवाराशी संगनमत न करता 'स्वतंत्रपणे' प्रचार करणाऱ्या निधीला कसलीच मर्यादा उरली नाही. ठाणेदारांकडे स्वतःचे लाखो डॉलर होते, म्हणून ते टिकले आणि जिंकले. एखादा शाळामास्तर उमेदवार असता तर?

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. ठाणेदार त्या ठरावापासून दूर झाले. संसदेत ते इस्रायलचे खंदे समर्थक ठरले. २०२४ च्या निवडणुकीत त्याच एपॅकने त्यांना पाठिंबा दिला. त्यांचे मत मनापासून बदललेही असेल. त्यांच्या मनात शिरण्याचा हक्क आम्हाला नाही. पण बाहेरून पाहणाऱ्या प्रत्येक नव्या उमेदवाराला धडा मिळायचा तो मिळाला. त्यांच्याच मतदारसंघात हॅमट्रॅमिक हे छोटे शहर आहे. तिथली नगर परिषद २०२२ पासून संपूर्ण मुस्लिम सदस्यांची होती. मतदार तिथे होते. पण मतदार असणे वेगळे आणि उमेदवाराला आपली दखल घ्यायला लावणे वेगळे.

२०२४ मध्येच न्यूयॉर्कच्या जमाल बोमन यांना पक्षांतर्गत निवडणुकीत पाडण्यासाठी सुमारे दीड कोटी डॉलर खर्च झाले. गंमत अशी की त्या जाहिरातींचा भर इस्रायलवर नव्हता; बोमन यांनी बायडेन यांच्या पायाभूत सुविधांच्या विधेयकाविरुद्ध मत दिले, यावर होता. खरे कारण एक, मतदाराला सांगायचे कारण दुसरे. आमचा आक्षेप आहे तो इथे. मत मांडायला, संघटना काढायला कोणाचीच ना नाही. पैशाच्या जोरावर मूळ विषयच मतदारापासून लपवला जातो, तेव्हा निवडणुकीचा तमाशा होतो.

आपल्या देशाने यावर हसू नये. वेदांत समूहाशी निगडित कंपन्यांकडून भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी घेतलेल्या देणग्या परदेशी निधीच्या कायद्याचा भंग करणाऱ्या आहेत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ साली म्हटले. पुढे कायद्यातली व्याख्याच बदलली, आणि २०१८ साली हा बदल थेट १९७६ पासून लागू केला गेला. लोकसभेत त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. निवडणूक रोखे २०१८ साली आले. ते घटनाबाह्य ठरायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. तोवर कोणी कोणाला काय दिले, हे सामान्य मतदाराला कळायची सोय नव्हती.

आता आपल्या टेबलाकडे परत येऊ. एपॅककडे पैसा आहे, हे खरे. पण तिच्याकडे आणखी एक गोष्ट आहे: कोणत्या खासदाराने कोणत्या दिवशी कसे मत दिले, याची नोंद. त्या नोंदीला डॉलर लागत नाहीत. महाराष्ट्रात २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने मुस्लिमांचे शिक्षणातले पाच टक्के आरक्षण चालू राहू शकत होते. अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि ते गेले. त्या वेळी सभागृहात कोण बोलले, कोण गप्प बसले? आपण मते दिलेल्यांपैकी किती जणांनी पुढे तो प्रश्न पुन्हा विचारला? आजऱ्यात कोणाच्या घरी याची वही आहे? मतदानाच्या आदल्या रात्री कोणत्या गल्लीत किती पाकिटे आली, हे मात्र आपल्याला तोंडपाठ असते.

'लॉबी सगळे चालवते' असे म्हटले की आपली जबाबदारी संपते. ती संपत नाही. पाकीट घेणारा हात आणि डॉलरपुढे झुकणारी मान, दोन्ही एकाच बाजारातली आहेत. पुढच्या जुम्याला चहा जरूर घ्या, गाझासाठी दुवाही मागा. पण त्याच टेबलावर दहा रुपयांची एक वही ठेवा आणि पहिल्या पानावर आपल्या आमदाराचे नाव लिहा.