गुपित कळल्यानंतर

गेल्या गणेशोत्सवात सूसला आमच्या सोसायटीच्या मंडपात एक जादूगार आले होते. सूस हे मुळशी तालुक्यातले, पाषाणकडून खिंड ओलांडली की लागणारे गाव. 2021 साली ते पुणे महानगरपालिकेत गेले; शेतांच्या जागी इमारती उभ्या राहण्याचे काम त्याच्या बरेच आधी सुरू झाले होते. मंडप म्हणजे पार्किंगमधल्या दोन खांबांना बांधलेला पडदा. समोर सतरंजीवर मुले, दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर मोठी माणसे, आणि जागा न मिळालेले चार-पाच तरुण पडद्याच्या कडेला, जवळजवळ जादूगारांच्या पाठीशीच, स्कूटरींवर बसलेले. ते पाहून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की या माणसाला आज तिन्ही बाजूंनी उघड्यावर काम करायचे आहे. शेजारी बसलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या मनात असला कोणताही विचार नव्हता. त्याचे तोंड प्रयोग सुरू होण्यापूर्वीच उघडे होते.

आम्हा दोघांमध्ये जे अंतर त्या संध्याकाळी पडले, त्याविषयी हे टिपण आहे. ते अंतर म्हणजे केवळ वयाचे नव्हे. चार वर्षांपूर्वी मी थोडीफार जादू शिकले, त्याचे ते अंतर आहे.

शिकण्याचे कारण अगदी कामकाजाचे होते. आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची जबाबदारी माझ्याकडे आली आणि हिवाळी शिबिरात चमत्कारांमागचे विज्ञान दाखवण्याचा कार्यक्रम करावा असे ठरले. महाराष्ट्रात या कार्यक्रमाला परंपरा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, तेव्हापासून तिच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या शाळांत आणि चावड्यांवर हे प्रयोग केले आहेत. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. हे प्रयोग त्यानंतरही थांबले नाहीत. त्यांतले पुष्कळसे प्रयोग रसायनांचे असतात. पोटॅशियम परमँगनेटवर तुपाच्या नावाखाली ग्लिसरीन सोडले की काडी न ओढता होम पेटतो. हळद लावलेल्या हाताला चुन्याची निवळी लागली की हात रक्तासारखा लाल होतो. या प्रयोगांना सराव फारसा लागत नाही, सावधगिरी लागते. पण हवेतून अंगठी किंवा विभूती काढून दाखवायची तर हात शिकवावा लागतो. माझी खरी शाळा तिथे सुरू झाली.

नाणे उजव्या हातातून डाव्या हातात दिल्यासारखे करायचे आणि ते उजव्याच हातात ठेवायचे, एवढीच ती कृती. सांगायला एक वाक्य पुरते. करायला मला तीन महिने लागले. आरशासमोर उभी राहून करायची, तर नेमक्या फसवणुकीच्या क्षणी माझ्या पापण्या मिटत. मी स्वतःलाच फसवताना पकडायचे टाळत होते! पुढे लक्षात आले, की अडचण बोटांची नव्हतीच. डाव्या मुठीत नाणे आहे असे मला स्वतःला वाटत नव्हते, म्हणून ती मूठ मेलेली दिसत होती. भरल्या मुठीला वजन असते, बोटांना किंचित ताण असतो, आणि मुख्य म्हणजे नजर तिच्याबरोबर जाते. रिकाम्या मुठीवर विश्वास ठेवता आला, त्या दिवशी नाणे नाहीसे झाले. गुस्ताव कून आणि मायकेल लँड या संशोधकांचा 2006 सालचा एक प्रयोग मी नंतर वाचला. जादूगार चेंडू दोनदा वर फेकतो आणि तिसऱ्यांदा फेकल्यासारखे करून हातातच ठेवतो. त्याची नजर वर गेली, तर निम्म्याहून अधिक प्रेक्षकांना न फेकलेला चेंडू वर जाताना ‘दिसतो’. नजर हाताशीच राहिली, तर तसे पाहणाऱ्यांची संख्या पुष्कळ घटते. मला आरशाने जे तीन महिन्यांत शिकवले, ते एका परिच्छेदात लिहिलेले होते. पण तो परिच्छेद आधी वाचला असता तर मला काय मिळाले असते, याचा मी अनेकदा विचार करते.

कारण शिबिरात जे घडले ते असे. होम पेटला, मुले दचकली. मग मी बाटल्या दाखवून रहस्य सांगितले. त्यावर मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, “हात्तिच्या! एवढंच होय!” आणि सगळे हसले. ‘हात्तिच्या’ हा आपल्या भाषेतला मोठा नेमका उद्गार आहे. मोठी वाटलेली वस्तू एका क्षणात लहान झाल्याचा तो आवाज. भोंदू बुवाच्या बाबतीत हा उद्गार निघणे हाच कार्यक्रमाचा हेतू, आणि तो सफल झाला याचा मला आनंदच आहे. बुवा आपले कसब लपवतो आणि त्याला सिद्धी म्हणतो. त्याच्यासमोर नारळ-पैसा ठेवणाऱ्या माणसाला ‘हात्तिच्या’ म्हणता यायलाच हवे. जादूगार मात्र मुळातच तिकीट लावून, घोषणा करून खोटे सांगतो. त्याच्यावर तोच उद्गार फेकला तर फुटते काय?

सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने एका पत्रात वाट्या आणि खड्यांच्या खेळाचा उल्लेख केला आहे. त्याचे म्हणणे असे, की त्या खेळात फसवणूक हाच आनंद; ती कशी केली हे समजावून दिले की त्याची गोडी संपते. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे मत आजही बहुतेकांचे आहे. मला ते अपुरे वाटते, आणि अपुरेपणा दोन्ही टोकांना आहे. ज्याला काहीच ठाऊक नाही, त्याला जादूचा आनंद होतो असे नाही. त्याला भीती वाटते. 9 एप्रिल 1956 रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात पी. सी. सरकार यांनी करवतीने एका मुलीचे दोन तुकडे केले. ती शुद्धीवर येण्यापूर्वीच निवेदकाने कार्यक्रम संपवला, आणि मुलगी खरोखर मेली असे समजून घाबरलेल्या प्रेक्षकांचे दूरध्वनी बीबीसीकडे धडाधड येऊ लागले. त्या लोकांनी जादू पाहिलीच नव्हती. त्यांनी खून पाहिला होता. म्हणजे ‘हे खरे नाही’ एवढे ज्ञान तर आनंदासाठी आधीच हवे. सेनेकाला तेवढे होते. ‘हे कसे होते’ हे कळल्यावर मात्र रस संपतो असे तो म्हणतो, तेव्हा तो ज्याला नुसते सांगितले गेले आहे अशा माणसाविषयी बोलतो. ज्याने ते करून पाहिले, त्याच्याविषयी नव्हे.

याचा उलटा पुरावा पेन आणि टेलर या अमेरिकन जोडीने दिला. त्यांनी हाच वाट्यांचा खेळ पारदर्शक पेल्यांनी केला. सगळे दिसते, गोळी कुठून कुठे जाते तेही दिसते, आणि तरीही हातांचा वेग डोळ्यांच्या पुढे राहतो.

मी स्वतः या जागी सरळ पोहोचले नाही, हे कबूल केले पाहिजे. शिकल्यानंतर वर्षभर मी फार वाईट प्रेक्षक होते. प्रयोग बघायला नव्हे, पकडायला बसत असे. नवऱ्याच्या कानात कुजबुजून त्याचा पैसाही वाया घालवत असे. ‘हात्तिच्या’चीच ती सुशिक्षित आवृत्ती. काही माणसे आयुष्यभर याच मुक्कामावर राहतात, आणि आमच्या व्यवसायात, म्हणजे समीक्षेत, अशांची वाण नाही.

मंडपात त्या दिवशी वाट्यांचा खेळ सुरू असताना लोकरीची एक गोळी वेळेआधीच घरंगळून बाहेर आली. चूकच झाली होती. जादूगारांनी क्षणभरही न थांबता पुढच्या रांगेतल्या एका पोराकडे पाहून म्हटले, “बघा, ह्याच्यासारखीच आहे, घाई फार!” मंडप हसला. त्या हशाच्या आडून गोळी परत गेली, आणि दोन मिनिटांनी तिन्ही वाट्यांखालून तीन लिंबे निघाली. लिंबे वाट्यांखाली कधी गेली, हे मला दिसले नाही. कशी जात असतील हे मला ठाऊक आहे. तरी दिसले नाही. माझ्या मुलाने लिंबे पाहिली. मी लिंबे पाहिली आणि त्यामागची तीसेक वर्षेही पाहिली. पडद्याकडेच्या तरुणांना सरळ दिसू नये म्हणून ते दर वेळी खांदा किती वळवतात, हेही पाहिले. आता कोणाचे पाहणे अधिक मोलाचे, असे विचारले तर मी गडबडते. लहानपणी रिकाम्या टोपीतून कबुतर निघालेले पाहून मला रात्रभर झोप आली नव्हती. ती रात्र परत मिळायची नाही. शिकल्याने काही गमावत नाही असे जे म्हणतात, त्यांनी बहुधा काही शिकलेले नसते.

प्रयोगानंतर ते सामान आवरत होते. मी पाणी दिले. म्हणाले, “मॅडम, तुम्ही कुठं शिकलाय का? सगळे उजव्या हाताकडे बघत होते, तुम्ही डाव्या.” मी ओशाळले. ते हसून म्हणाले, “असं एक माणूस समोर असलं की हाताला घाम येतो. पण नीट करावंसंही वाटतं.” पुण्यात जादूगार रघुवीर आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांनी ही कला जपली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण या माणसाला ओळखीने पाहणारा प्रेक्षक वर्षातून किती वेळा भेटत असेल?

इथेच मला माझा वर्ग आठवतो. “मॅडम, तुम्ही कविता उलगडून सांगितली की तिची मजा जाते,” हे वाक्य एम.ए.च्या वर्गात दरवर्षी कोणीतरी बोलते. मी पूर्वी त्यावर चिडत असे. आता वाटते, विद्यार्थी खरे बोलतात. ही प्रतिमा, हा श्लेष, हे विरोधाभासाचे सूत्र, असे सांगून आपण त्यांना बाटल्या दाखवतो. ते वहीत उतरवतात आणि मनात ‘हात्तिच्या’ म्हणतात. मग दहा गुणांचे रसग्रहण लिहितात. आपण त्यांना रहस्य देतो, सराव देत नाही. अभिनवगुप्ताने सहृदयाचे वर्णन करताना काव्याच्या अनुशीलनाचा अभ्यास आणि त्याने आरशासारखे निर्मळ झालेले मन, या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या. तो श्लोकांचे पाठांतर झालेल्या, स्वतः चार ओळी जुळवू शकणाऱ्या रसिकांच्या जगात लिहीत होता. आपल्या अभ्यासक्रमाने ‘अभ्यास’ हा शब्द ठेवला आणि त्यातला हात काढून घेतला.

मागच्या सत्रात मी एक प्रयोग केला. तुकोबांचे अभंग शिकवण्याआधी प्रत्येकाला मोठ्या अभंगाचे एक कडवे रचायला लावले: सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्यात यमक. विषय कोणताही. बहुतेकांची बस चुकली होती किंवा मेस वाईट होती. पहिले तीन चरण कसेबसे जमले. चौथ्याने मात्र सगळ्यांना रडवले. चार अक्षरांत वाक्य संपवायचे, तेही ओढून आणल्यासारखे न वाटता! एकीने सोळा वेळा खोडले. दुसऱ्या दिवशी अभंग वाचताना मी काहीच समजावले नाही, नुसते मोठ्याने वाचले. चौथ्या चरणाशी आले की बाकांवरून एक बारीकसा आवाज येत होता, दाद देताना येतो तसा. ‘हात्तिच्या’ नव्हता तो. एका विभागीय बैठकीत मी हे सांगितले, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, याचे मूल्यमापन कसे करणार? प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे उत्तर नाही.

मंडपातून घरी येताना मुलाने अपेक्षेप्रमाणे विचारले, “आई, नाणं कुठं गेलं? तुला माहितीये ना?” मला माहीत होते, आणि तो भोंदू बुवा पाहून आलेला नव्हता, म्हणून सांगण्याचे कर्तव्यही नव्हते. खोटे बोलावेसे मात्र वाटले नाही. मी त्याला पाच रुपयांचे नाणे दिले, ते दोन बोटांत कसे धरायचे ते दाखवले आणि बाकीचे आरशाला विचार म्हणाले. दोन दिवस तो रागावला. ज्या गोष्टीचे उत्तर आईला ठाऊक आहे, ती तिने सांगू नये हा त्याच्या मते अन्यायच होता.

परवा रात्री वह्या तपासत होते, तेव्हा न्हाणीघरातून फरशीवर नाणे पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. मग बराच वेळ काही आवाज नाही. झोपला असेल म्हणून उठून पाहिले, तर तो आरशासमोर उभा होता, डावी मूठ घट्ट मिटलेली, आणि तिच्याकडे अगदी टक लावून पाहत होता.