शंभर घरांचा तक्ता सोबत न्या

दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूरकडच्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. कोयता घेऊन तुम्ही पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जाता. लेकरं बरोबर येतात, नाहीतर आजी-आजोबांपाशी राहतात. परत येईपर्यंत शिकलेली बेरीज विसरून जाते. ती विसरू नये म्हणून एवढं करा.

जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू घ्या. दहा ओळी आखा, ओळीत दहा घरं. पहिल्या ओळीत १ ते १०, दुसरीत ११ ते २०, असं शंभरापर्यंत लिहा. लिहिता येत नसेल तर निघण्याआधी गुरुजींकडून लिहून घ्या.

सोंगटी म्हणून चिंचोका घ्या. सीताफळाच्या बिया आपल्याकडे ढिगाने असतात, पण त्या नको. फुटलेल्या बीची भुकटी डोळ्यांत गेली तर इजा होते.

आता नियम दोनच. उजवीकडे एक घर सरकलं की एक वाढला. खाली एक घर उतरलं की दहा वाढले.

३४ आणि २३ मिळवायचे आहेत. चिंचोका ३४ वर ठेवा. दोन घरं खाली उतरा: ४४, ५४. मग तीन घरं उजवीकडे: ५५, ५६, ५७. झाली बेरीज.

४७ आणि ६? तीन घरांत ५० येतात, ओळ संपते. उरलेली तीन घरं पुढच्या ओळीत मोजा. ५३. हातचा म्हणजे काय, ते लेकराला इथंच डोळ्यांनी दिसतं.

एक चूक हमखास होते. चिंचोका ज्या घरात आहे तेच घर लेकरू ‘एक’ म्हणून मोजतं. मोजणी पुढच्या घरापासून करायला लावा.

‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी येतो. म्हणून लेकरू ५२ लिहून बसतं. त्याला रागावू नका. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी सोपी रीतही आली. तुम्ही दोन्ही म्हणा आणि घरावर बोट ठेवा.

रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं बसा. सकाळी २६ मोळ्या बांधल्या, दुपारी १७. किती झाल्या? उत्तर तुम्ही सांगू नका. चिंचोका त्यालाच सरकवू द्या.

गावात हंगामी वसतिगृह असेल तर लेकराला तिथं ठेवा. बरोबर नेलंत तर फडाजवळच्या शाळेत घाला. जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो.

हंगाम संपला की उचलीचा हिशेब होतो. किती फिटली, किती अंगावर राहिली, ते दुसरा सांगतो आणि आपण मान हलवतो. पुढं कधीतरी तुमचं लेकरू शेजारी बसून तो हिशेब स्वतः ताडून बघेल. त्यासाठी आज चिंचोका त्याच्या हातात द्या.