ऊब हवी, पण बेताची

दिवाळी सरली, तुळशीचे लग्न लागले की बाजारात लोकरीच्या लडी दिसू लागतात आणि दुपारच्या उन्हात ओट्यावर बसून विणकामाच्या सुया चालू होतात. घरात पाळणा हलणार असेल तर विचारायलाच नको. टोपडे, अंगडे, दुपटे, मोजे असा बाळंतविडा आकार घेऊ लागतो. तयार कपड्यांनी दुकाने भरलेली असतानाही हातची टोपी विणणाऱ्या आज्या, मावश्या आणि आत्या अजून आहेत, याचा मला आनंदच वाटतो. मात्र मुले तपासताना दर हिवाळ्यात एक गोष्ट खटकते. थंडीने गारठलेली मुले माझ्याकडे येतात, पण कपड्यांत उकडून घामाघूम झालेली मुले त्याहून अधिक येतात.

म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या थंडीत लहान मुलाला दिवसभर अंगात अडकवलेल्या जाड स्वेटरपेक्षा चटकन घालता आणि चटकन काढता येणारी टोपी, पायमोजे आणि हातमोजे अधिक उपयोगाचे आहेत. विणायचेच असेल तर ते विणावे. आणि ते कधी काढायचे, हेही घरातल्या सर्वांनी ठरवून ठेवावे.

याचे कारण आपल्या हवेत आहे. निफाड, धुळे, नागपूर, गोंदिया या भागांत ऐन हिवाळ्यात पहाटेचा पारा ८-१० अंशांपर्यंत किंवा त्याहून खाली येतो. त्याच दिवशी दुपारी तो २८-३० अंशांवर गेलेला असतो. म्हणजे आपली थंडी मुख्यतः रात्रीची आणि सकाळची. सकाळी सात वाजता वडिलांच्या मोटारसायकलवर पुढे बसून बालवाडीत जाणाऱ्या मुलाला समोरचा वारा खरोखर झोंबतो. त्याला कानटोपी आणि हातमोजे हवेतच. पण तेच मूल दुपारी बारा वाजता त्याच कानटोपीत आणि स्वेटरात घरी परतते, तेव्हा त्याच्या मानेवर घामोळे उठलेले असते. गणवेशाचा स्वेटर शाळा सुटेपर्यंत काढू न देणाऱ्या बालवाड्यांनीही याचा विचार करावा.

नवजात बाळाची गोष्ट वेगळी

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला स्वतःचे तापमान नीट राखता येत नाही. त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते. मोठ्या माणसाच्या डोक्याची त्वचा एकूण त्वचेच्या सुमारे ९ टक्के, तर बाळाची सुमारे १८ टक्के असते. ओले, उघडे डोके म्हणजे उष्णता निसटून जाण्याची मोठी वाट. त्यामुळे जन्मताच बाळ कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, डोक्यावर टोपी आणि पायांत मोजे घालावेत, आणि पहिली आंघोळ निदान एक दिवस लांबवावी. बाळाचे तापमान ३६.५ अंश सेल्सियसच्या खाली गेले तर ते थंड पडू लागले असे समजतात. ३२ अंशांखाली गेले तर जिवावरचा प्रसंग असतो.

कमी वजनाच्या बाळांना तर याचा धोका फारच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरात अशा बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. तीच आज ‘कांगारू मातृसेवा’ म्हणून आपल्या रुग्णालयांतही आहे. त्या बाळाच्या अंगावर लंगोट, टोपी आणि मोजे एवढेच असते. बाकी ऊब आईची. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. नवजात बालकांचे मृत्यूचे प्रमाण तेथे सुमारे ६२ टक्क्यांनी उतरले होते. स्तनपान आणि जंतुसंसर्गावरील वेळीच उपचार यांबरोबर बाळाला उबदार ठेवणे हा त्या कामाचा एक भाग होता. छोट्याशा टोपीला कमी लेखू नये ते यासाठी.

बाळाला थंडी वाजते आहे की उकडते आहे, हे कसे ओळखावे? हाताचा पालथा भाग बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही उबदार असतील तर ठीक. नवजात बाळाचे पोट उबदार पण तळपाय गार असतील तर त्याला छातीशी धरा, एखादे पांघरूण वाढवा. दोन्ही गार असतील, बाळ मलूल असेल, अंगावर ओढत नसेल, तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा. उलट मान आणि पाठ घामेजलेली, चेहरा लाल आणि श्वास भरभर असेल तर आधी टोपी काढा आणि एखादा कपडा कमी करा. तेवढ्यानेही अंग तापलेलेच राहिले, श्वास भरभरच चालू राहिला किंवा बाळ पीत नसेल, तर तो ताप असू शकतो. तान्ह्या बाळाच्या तापात घरी थांबू नये. एरवी निरोगी बाळाला आपल्यापेक्षा एक कपडा जास्त, हे माप लक्षात ठेवावे.

झोपताना टोपी नको

हे वाचून अनेक आज्या माझ्यावर रागावतील, तरी सांगतो. बाळ पुरते महिन्याचे, चांगल्या वजनाचे, घरात झोपलेले असेल तर त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी ठेवू नये. बाळाला जास्त झालेली उष्णता डोक्यावाटेच बाहेर टाकावी लागते. ती वाट बंद केली आणि वर दोन रजया घातल्या, तर बाळ तापते, आणि त्याला पांघरूण झुगारताही येत नाही. सैल टोपी सरकून नाका-तोंडावर येण्याची भीती वेगळीच. तान्ह्या बाळांच्या झोपेतील आकस्मिक मृत्यूंशी अति उबेचा संबंध दिसून आला आहे. कमी वजनाच्या बाळाला मात्र डॉक्टर सांगतील तोपर्यंत टोपी ठेवावी.

‘कानाला वारा लागला की सर्दी होते’ ही समजूतही एकदा तपासायला हवी. सर्दी विषाणूंनी होते आणि ती बहुधा घरातल्याच कोणा शिंकणाऱ्याकडून येते. कानटोपीने कानांना बरे वाटते, ती जरूर घालावी. पण बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुणे हे सर्दीवर कानटोपीपेक्षा जास्त गुणकारी आहे.

विणताना ध्यानात ठेवायचे

टोपीचे माप अंदाजाने घेऊ नका. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर, वर्षाच्या मुलाचा सुमारे ४६ आणि तीन वर्षांच्या मुलाचा सुमारे ४९-५० असतो. वीण ताणली जाते, म्हणून टोपी घेरापेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी ठेवावी. आधी हातभर नव्हे, पण चांगला दहा सेंटिमीटरचा नमुना विणून टाके मोजावेत. त्यात २० टाके बसत असतील तर वर्षाच्या मुलाच्या ४२ सेंटिमीटरच्या टोपीला ८४ टाके घालावे लागतील. काठ दोन सुलट, दोन उलट असा विणला तर टोपी डोक्याला बसते आणि बंद लावण्याची गरज उरत नाही.

हनुवटीखाली बांधायचे बंद, टोपीच्या शेंड्यावरचा गोंडा, मोजांना लावलेले मणी आणि गुंड्या दिसायला छान. पण बंदाचा गळफास होऊ शकतो, आणि मणी तोंडात जाऊन घशात अडकू शकतो. आपल्या जुन्या कुंचीने डोके, कान आणि मान एकदम झाकली जातात हा तिचा गुण, पण तिचाही बंद झोपवताना सोडावाच. लहान मुलाला लांब मफलर नकोच. खेळताना तो अडकतो आणि दुचाकीच्या चाकात जाऊ शकतो. त्याऐवजी डोक्यातून घालता येईल असा नळीसारखा आखूड गळपट्टा विणावा, आणि घरात आल्यावर तोही काढावा.

हातमोजे आणि पायमोजे विणून झाले की उलटे करून पाहा. रंगीत नक्षीचे लांब धागे आत सुटे राहिलेले असतात. असा धागा किंवा आईचा एखादा केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर बोट सुजते, निळे पडते, आणि वेळेवर सुटले नाही तर बोट गमवावे लागते. बाळ बोलू शकत नाही, नुसते रडते. पोट दुखत असेल म्हणून ओवा-हिंग चालू होतो, आणि मोजा कोणी काढून पाहत नाही. बाळ कारणाशिवाय रडत असेल तर मोजे काढून दहाही बोटे पाहावीत, पायांची आणि हातांचीही. धागा दिसला आणि सहज कापता आला तर कापावा. नाही तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. घरात मात्र बाळाचे हात मोकळेच असू द्या. ओरखडे टाळायचे तर नखे कापावीत.

बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळते ते बहुधा ॲक्रिलिक असते. ते स्वस्त, धुवायला सोपे आणि न टोचणारे; पण ते घाम शोषून घेत नाही. आगीची झळ लागली तर ते वितळून कातडीला चिकटते. शेक-धुरीच्या शेगडीजवळ किंवा शेकोटीपाशी ॲक्रिलिकची टोपी आणि मोजे घातलेले मूल नेऊ नये. खरी लोकर घाम शोषते, पण नाजूक त्वचेला टोचते. दोन्हींवर उपाय एकच, आत मऊ सुती टोपडे घालणे.

शेवटचा धोका ट्रंकेत दडलेला असतो. मोठ्या भावंडाची लोकरीची टोपी डांबरगोळ्यांत जपून ठेवलेली असते आणि धाकट्याच्या बारशाला बाहेर निघते. डांबरगोळीतील नॅप्थलीनची वाफ ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या रक्तपेशी फोडते, आणि कावीळ भराभर वाढते. ती मेंदूपर्यंत पोचू शकते. आपल्या देशात काही समाजांत ही कमतरता अनेकांत आढळते, आणि तपासणीशिवाय ती कळत नाही. बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवूच नयेत. स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवावेत. डांबरगोळ्यांत राहिलेले कपडे नवजात बाळाला न वापरणेच बरे.

एवढे सांगूनही सुया खाली ठेवा असे मी म्हणणार नाही. उलट, हात चालू असतील तर आणखी दोन टोप्या विणा. जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या विशेष कक्षात दीड-दोन किलोची बाळे येतात. त्यांच्या डोक्याला घरच्या बाळंतविड्यातली टोपी मोठी होते. एखाद्या महिला मंडळाने किंवा बचत गटाने त्या कक्षातील परिचारिकांना आधी विचारावे, माप आणि धाग्याचा प्रकार त्यांच्याकडून घ्यावा, आणि बिनबंदाच्या, बिनगोंड्याच्या, साध्या, धुतलेल्या टोप्या नेऊन द्याव्यात. ज्या बाळाला टोपीची खरी गरज आहे त्याला ती मिळावी, आणि ज्याला नाही त्याच्या डोक्यावरून ती वेळेवर उतरावी, एवढेच मागणे.