नगरसेवक नव्हते तेव्हा

समजा, तुमच्या वर्गमंत्र्याची मुदत संपली. निवडणूक घ्यायची, तर बाई म्हणाल्या, "आधी बाकांच्या रांगा नव्याने लावू, मग बघू." रांगा लावल्या, मोडल्या, पुन्हा लावल्या. तेवढ्यात वार्षिक परीक्षा आली! तुम्ही गप्प बसाल का?

आपल्या मुंबईत असंच घडलं. महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती. मुदत पाच वर्षांची, ती ७ मार्च २०२२ रोजी संपली. पूर्वी गावोगावच्या पालिकांच्या निवडणुका अशाच रखडत. मुंबईत १९८५ नंतर थेट १९९२ साली मतदान झालं! म्हणून १९९३ पासून राज्यघटनेतच लिहिलं, की मुदत संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मग घोडं अडलं कुठे?

गंमत अशी, की तारीख पुढे ढकलायला 'तारीख' हा शब्दही लागत नाही. प्रभागांच्या सीमा बदलल्या तरी पुरतं! मुंबईचे प्रभाग होते २२७. २०२१ साली राज्य सरकारने ते २३६ केले. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. ऑगस्टमध्ये, सरकार बदलल्यावर, प्रभाग पुन्हा २२७! शिवाय ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात होताच. तो प्रश्नही महत्त्वाचा, पण त्यात वर्षं गेली.

तोवर कारभार प्रशासकाकडे. घाटकोपरचा एन विभाग, मुलुंडचा टी विभाग, सगळ्या कचेऱ्या उघड्या होत्या, साहेब जागेवर होते. पण गटार तुंबलं, तर "पुढच्या वेळी मत देणार नाही हं!" असं बजावायचं कुणाला?

अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं. २०२२ च्या आरंभी अठरा वर्षांची झालेली अंधेरीची एखादी ताई पालिकेसाठी पहिलं मत द्यायला गेली, तेव्हा बाविशीत पोचली होती!

आता तुमचं काम. तुमच्या घराचा प्रभाग क्रमांक कोणता? नगरसेवक कोण? घरी विचारा, वहीत लिहा. आणि आई-बाबांनाच उत्तर आलं नाही, तर रागावू नका. चार वर्षं तसं कुणी नव्हतंच ना!